आयुष्मान, आभा, कामगार विमा: सरकारी आरोग्य विम्याचं लॉगिन पक्कं कसं करायचं

नाशिकमध्ये सीबीएसपासून शालिमारपर्यंत 'येथे आयुष्मान कार्ड, आभा कार्ड काढून मिळेल' अशी पाटी नसलेलं झेरॉक्सचं दुकान शोधावंच लागेल. कार्ड निघतं, लॅमिनेट होतं, पाकिटात जातं. ज्या लॉगिनवर ते कार्ड उभं आहे त्यात मोबाईल नंबर कुणाचा घातलाय, हे मात्र कुणी विचारत नाही. घाई असते. मागे रांग असते, ऑपरेटर म्हणतो "नंबर सांगा, नाहीतर माझाच टाकतो", आणि आपण मान हलवतो.

लॉगिनची सुरक्षा म्हटलं की बहुतेक जण पासवर्डबद्दल बोलायला लागतात. आपल्याकडच्या सरकारी आरोग्य विम्याच्या संकेतस्थळांवर पासवर्डचं काम फार थोडं आहे. आयुष्मानच्या लाभार्थी पोर्टलवर मोबाईल नंबर टाकायचा, कॅप्चा भरायचा, ओटीपी टाकायचा, की आत. आभाचंही जवळपास तसंच. तेव्हा लॉगिन पक्कं करायचं म्हणजे आधी नंबर पक्का करायचा, मग सिम, मग फोन. पासवर्ड त्यानंतर. या लेखातल्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

आधी कोणतं खातं कशाचं ते बघू

आयुष्मान भारत म्हणजेच पीएमजेएवाय ही केंद्राची योजना सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, वय वंदना कार्ड मिळायला लागलं. राज्याची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना तिच्याशी जोडलेली आहे आणि १ जुलै २०२४ पासून ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी खुली झाली. आता जवळजवळ प्रत्येक घर या ना त्या यादीत आहे, आणि 'तुमचं कार्ड बंद पडतंय' हा फोन कुणालाही लावला तरी तो खराच वाटतो. भामट्यांना आयतं कुरण मिळालं ते असं.

आभा हा विमा नाही. तो १४ अंकी आरोग्य ओळख क्रमांक आहे. त्याला तुमचे रिपोर्ट, केसपेपर जोडले जातात आणि ते कुणाला दाखवायचे याची संमती तुम्ही देता. आभा काढलं म्हणजे विमा मिळाला, असं समजणारे पंचवटीतही भेटतात आणि कॉलेज रोडलाही.

कामगार विमा म्हणजे ईएसआयसी. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारांसाठी. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या घरांना तो चांगला माहीत आहे. इथे मात्र युजरनेम आणि पासवर्ड दोन्ही असतात, त्यामुळे त्याचं दुखणं वेगळं आहे. त्याच्याकडे नंतर येतो.

पायरी पहिली: नंबर कुणाचा आहे?

ऑगस्ट २०२३ मध्ये कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या संस्थेचा, आयुष्मान योजनेवरचा अहवाल संसदेत मांडला गेला. त्यात आढळलं की ७,४९,८२० लाभार्थ्यांच्या नोंदीपुढे एकच मोबाईल नंबर होता: ९९९९९९९९९९. दहा वेळा नऊ. म्हणजे भरणाऱ्याने रकाना रिकामा सोडता येत नाही म्हणून बोट एका आकड्यावर दाबून धरलं होतं. केंद्र सरकारचं त्यावर म्हणणं असं, की लाभार्थ्याची पडताळणी आधारवरून होते, मोबाईल नंबर फक्त संपर्कासाठी असतो. ते मान्य केलं तरी एक गोष्ट उरते. तुमच्या कार्डावर कुठे काही झालं, तर कळवायचा मेसेज त्या नंबरवर जाणार. नंबर तुमचा नसेल तर तुम्हाला कळणारच नाही.

म्हणून कागद-पेन घ्या आणि घरातल्या प्रत्येक माणसासमोर तीन नंबर लिहा: आधारला जोडलेला, आयुष्मान कार्डात नोंदवलेला आणि आभात नोंदवलेला. हे तिन्ही वेगळे असू शकतात, आणि बऱ्याच घरांत असतातच. यातला खरा राजा आधारचा नंबर. त्यावर आलेल्या ओटीपीने कार्डाची ई-केवायसी (ऑनलाइन ओळख पडताळणी) होते, आभा निघतं, आणखीही बरंच काही उघडतं.

आधारचा नंबर तपासायला 'माय आधार' पोर्टलवर मोबाईल पडताळणीची सोय आहे. आधार क्रमांक आणि तुमच्या मते जो नंबर आहे तो टाकला की जुळतो की नाही ते तिथेच दिसतं. जुळला नाही तर आधार केंद्रावर जाऊन बदलून घ्या. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या सोयीमुळे पोस्टमनही नंबर जोडून देतो, त्यामुळे सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या पाड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांना नाशिकपर्यंत आणायची गरज नाही. गावच्या पोस्टात विचारा.

आभाचा नंबर त्याच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपमध्ये लॉगिन करून प्रोफाइलमध्ये बघता येतो आणि बदलताही येतो. लॉगिनच होत नसेल, ओटीपी भलत्याच नंबरवर जात असेल, तर आधार ओटीपीच्या वाटेने आत जा आणि नंबर दुरुस्त करा. आयुष्मान कार्डातला नंबर चुकलेला असेल तर योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला गाठा किंवा १४५५५ वर फोन करा. राज्याच्या योजनेसाठी १५५३८८.

जुना नंबर सोडून देणं हा यातला सगळ्यात दुर्लक्षित धोका. द्राक्षाच्या हंगामात निफाड-दिंडोरीकडे कामाला येणारी कुटुंबं स्वस्त ऑफर बघून सिम घेतात आणि हंगाम संपला की टाकून देतात. प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला नाही आणि त्यात पैसेही नसले, तर कंपनी तो बंद करू शकते. बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्याच माणसाला मिळतो. मग तुमच्या आधारचा ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या फोनवर वाजतो. त्यात त्याचा काही दोषही नसतो. तेव्हा क्रम पक्का ठेवा: आधी आधार, आभा आणि बँकेत नवा नंबर, मगच जुनं सिम बाजूला.

पायरी दुसरी: सिमला कुलूप

फोनला पॅटर्न लावला की सगळं सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. चोर फोन उघडायच्या भानगडीत पडत नाही. सिम काढतो, दुसऱ्या फोनमध्ये टाकतो आणि ओटीपी मागवतो. मेन रोडच्या गर्दीत फोन मारला गेला तर हे काम पाच मिनिटांचं आहे.

त्यावर उपाय सिम पिन. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये सुरक्षेच्या विभागात 'सिम लॉक' असं काहीतरी सापडेल. कंपनीगणिक शब्द बदलतात, म्हणून सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'सिम' टाइप करा. चालू करताना आधीचा पिन विचारतो. तो अंदाजाने टाकू नका, कंपनीच्या कस्टमर केअरला विचारून घ्या. तीनदा चुकलं की सिम अडकतं आणि ते उघडायला कंपनीकडचा पीयूके कोड लागतो. पीयूके दहादा चुकला की सिम कायमचं मेलं. एकदा पिन बसला की फोन बंद करून चालू केल्यावर किंवा सिम दुसरीकडे घातल्यावर तो विचारला जातो. रोजच्या वापरात त्याचा काही जाच नाही.

सोबत आणखी एक करा. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा. फोन टेबलावर ठेवलाय, स्क्रीन बंद आहे, तरी ओटीपी वर झळकतो. अशाने कुलूप असून नसल्यासारखं.

मग संचार साथी हे दूरसंचार विभागाचं संकेतस्थळ उघडा. तुमच्या नावावर किती सिम आहेत त्याची यादी तिथे मिळते. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर 'माझा नंबर नाही' असं नोंदवा. फोन हरवला तर तो ब्लॉक करायची सोयही तिथेच आहे.

तुमच्या नकळत डुप्लिकेट सिम निघालं तर पहिली खूण म्हणजे रेंज अचानक जाणं. आता पेठ-सुरगाण्यात रेंज जाणं ही काही बातमी नव्हे. म्हणून शेजारच्याचा त्याच कंपनीचा फोन बघा. त्याला रेंज आहे आणि तुमच्या फोनला तासभर नाही, तर दुसऱ्या फोनवरून लगेच कंपनीला विचारा. कॉल फॉरवर्डिंगही तपासून घ्या: *#२१# डायल केलं की तुमचे फोन दुसरीकडे वळवलेत का ते कळतं, ##००२# ने सगळी वळवणी रद्द होते. काही ठिकाणी ओटीपी फोन कॉलवरही मागवता येतो, त्यामुळे हे तपासणं वाया जात नाही.

पायरी तिसरी: पत्ता उलटा वाचा

बनावट संकेतस्थळ ओळखायला रंग, अशोकस्तंभ, पंतप्रधानांचा फोटो यांतलं काहीच कामाचं नाही. ते कुणीही डकवू शकतो. बघायचा तो वरच्या पट्टीतला पत्ता. मोबाईलवर तो अर्धाच दिसतो, म्हणून त्यावर बोट ठेवून पूर्ण उघडा.

पत्त्यात सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडा आणि त्यानंतरची पहिली तिरकी रेघ शोधा. तिथून उलटं, उजवीकडून डावीकडे वाचा. आधी 'इन' हवं, मग डॉट, मग 'गव्ह', मग पुन्हा डॉट. आयुष्मानचं लाभार्थी पोर्टल आहे बेनिफिशियरी डॉट एनएचए डॉट गव्ह डॉट इन. आभाचं आभा डॉट एबीडीएम डॉट गव्ह डॉट इन. राज्याच्या योजनेचं जीवनदायी डॉट गव्ह डॉट इन. ईएसआयसी, आधार, डिजिलॉकर (सरकारी कागदपत्रं ऑनलाइन ठेवायची सोय), संचार साथी या सगळ्यांचा शेवट गव्ह डॉट इन असाच आहे, कारण ही शेपटी सरकारी कार्यालयांशिवाय कुणाला मिळत नाही.

आता फसवणूक कशी होते ते बघा. समजा पत्ता आहे 'पीएमजेएवाय-गव्ह डॉट इन'. घाईत डोळ्याला गव्ह आणि इन दोन्ही दिसतात, मन म्हणतं सरकारी आहे. पण गव्हच्या आधी डॉट नाही, आडवी रेघ आहे. म्हणजे 'पीएमजेएवाय-गव्ह' हे कुणीतरी विकत घेतलेलं नाव झालं, आणि नुसती डॉट इन ही शेपटी कुणालाही मिळते. दुसरा प्रकार: 'गव्ह डॉट इन डॉट आयुष्मान-कार्ड डॉट कॉम'. यात गव्ह डॉट इन खरोखर आहे, पण सुरुवातीला. शेवट आहे डॉट कॉम. उलटं वाचायची सवय लागली की हे दोन्ही प्रकार क्षणात पकडले जातात. आणि पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. तुमच्या आणि समोरच्या संकेतस्थळाच्या मधला माल कुणी वाचत नाही, एवढंच ते कुलूप सांगतं. समोर भामटाच बसला असेल तर त्याच्याशी तुमचं बोलणं फार सुरक्षितपणे होतं!

गूगलवर शोधून वरच्या पहिल्या ओळीवर टिचकी मारण्याची सवय सोडा. 'प्रायोजित' असं लिहिलेली ओळ म्हणजे पैसे देऊन लावलेली जाहिरात. खरा पत्ता एकदा हाताने टाइप करा, नीट तपासा आणि ब्राउझरमध्ये बुकमार्क करून ठेवा. हेल्पलाइनचा नंबरही गूगलवरून उचलू नका.

पायरी चौथी: व्हॉट्सअ‍ॅपवरची फाइल

नाशिककरांचे जास्तीत जास्त पैसे सध्या जातात ते याच वाटेने, असं माझं मत आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर 'आयुष्मान कार्ड' किंवा 'वय वंदना यादी' अशा नावाची फाइल येते. पाठवणारा कधी ओळखीचाही असतो, कारण त्याचा फोन आधीच गेलेला असतो. नावाच्या शेवटी असतं 'डॉट एपीके'. ते कार्ड नाही, यादीही नाही. ते अ‍ॅप आहे. उघडलं की आधी 'या स्रोतावरून इन्स्टॉल करू द्यायचं का' असं फोन विचारतो, मग मेसेज वाचायची परवानगी मागतो. ती दिली की तुमचा प्रत्येक ओटीपी भामट्याकडे पोचतो. विम्याच्या नावाने आत शिरलेला हात बँकेच्या खात्यात जातो.

कार्ड असेल तर ते पीडीएफ किंवा फोटो असेल. सरकारी कार्ड एपीके म्हणून कधीच येत नाही. अ‍ॅप हवं असेल तर प्ले स्टोअरवरून, आणि तिथेही अ‍ॅपच्या नावाखाली बनवणाऱ्याचं नाव वाचा. आयुष्मान आणि आभा या दोन्ही अ‍ॅपखाली नॅशनल हेल्थ अथॉरिटी असं दिसलं पाहिजे. सेटिंग्जमध्ये 'अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल करा' या ठिकाणी व्हॉट्सअ‍ॅप आणि क्रोमपुढची परवानगी बंद करून टाका. आईवडिलांच्या फोनवर तर हे आजच करा. दिवाळीला घरी गेल्यावर करू, असं म्हणत बसू नका.

ओटीपीचा मेसेज आला की आकडे बघून मोकळं होऊ नका, मेसेज पूर्ण वाचा. कशासाठी ओटीपी आहे ते त्यात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. आयुष्मानसाठी म्हणून मागितलेला ओटीपी बँकेचा, कर्जाचा किंवा ई-साइनचा (ऑनलाइन सहीचा) निघाला तर तिथेच थांबा. सरकारी मेसेज दहा आकडी मोबाईल नंबरवरून येत नाही. पाठवणाऱ्याच्या जागी अक्षरांचं नाव असतं.

पायरी पाचवी: जिथे पासवर्ड आहे तिथे

ईएसआयसीचं लॉगिन, तुमचा ई-मेल, डिजिलॉकरचा सहा आकडी पिन, उमंग या सरकारी सेवांच्या अ‍ॅपचा एमपिन. एवढ्यांकडे लक्ष द्या.

पासवर्डचं गणित लांबीवर चालतं. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनेही २०१७ मध्ये दर काही महिन्यांनी उगाच पासवर्ड बदलायला लावू नका आणि लांबीला महत्त्व द्या, अशी शिफारस केली. दर महिन्याला बदलायला लावलं की माणूस शेवटचा आकडा एकाने वाढवतो, दुसरं काही करत नाही. 'नाशिक@१२३', 'गोदावरी@२०२४', मुलाचं नाव आणि जन्मसाल हे सगळे पहिल्याच फेरीत तपासले जातात. त्याऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून लिहा. करंजी, पाना, उंबरा, वावटळ असं काहीतरी. हे चार नकोत, तुमचे तुम्ही निवडा. संकेतस्थळ मोठं अक्षर, आकडा आणि चिन्ह मागतंच; ते शेवटी न लावता मधे कुठेतरी घाला. लक्षात राहत नसेल तर वहीत लिहून कपाटात ठेवलं तरी चालेल. वहीतला पासवर्ड चोरायला चोराला घरात यावं लागतं; फोनमधल्या 'पासवर्ड' नावाच्या नोंदीसाठी तेवढेही कष्ट नाहीत.

ई-मेलला मात्र दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड) लावाच. पासवर्ड विसरल्यावर अनेक ठिकाणी दुरुस्तीची वाट ई-मेलमधूनच जाते. जीमेलच्या सुरक्षा विभागात ती सोय आहे. ओटीपीपेक्षा ऑथेंटिकेटर अ‍ॅप बरं. त्यातला कोड फोनमध्येच तयार होतो, साधारणपणे दर ३० सेकंदांनी बदलतो आणि सिमवर अवलंबून नसतो. सोबत मिळणारे बॅकअप कोड कागदावर उतरवून ठेवा.

डिजिलॉकरच्या पिनबद्दल जरा जास्त काळजी घ्या. अनेक सरकारी सेवांमध्ये 'डिजिलॉकरने लॉगिन करा' असं बटण असतं. एका किल्लीने बरीच दारं उघडतात, म्हणून ती किल्ली जन्मतारखेची नको.

अंबड-सातपूरच्या लहान वर्कशॉप मालकांसाठी वेगळं सांगायचं आहे. ईएसआयसीच्या मालक-खात्याचा पासवर्ड सल्लागाराकडे असतो, आणि अनेकदा फक्त त्याच्याकडेच. नोंदणीतला मोबाईल आणि ई-मेलही त्याचाच. तो सोडून गेला, भांडला, आजारी पडला, की कामगारांचा हप्ता अडकतो आणि एखाद्याची बायको सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात असताना नोंद जुळत नाही. काम सल्लागाराला द्या, पण नोंदणीतला मोबाईल आणि ई-मेल मालकाचा ठेवा आणि सल्लागार बदलला त्याच दिवशी पासवर्डही बदला.

पायरी सहावी: आधारचं कुलूप, पण वेळ बघून

आधारच्या संकेतस्थळावर किंवा एमआधार अ‍ॅपमध्ये बायोमेट्रिक लॉक करता येतं. लॉक केल्यावर तुमचा अंगठा, डोळा, चेहरा यांपैकी कशानेच पडताळणी होत नाही. चोरलेल्या ठशावरून कुणी पैसे काढू शकत नाही. सोय चांगली आहे, पण डोळे झाकून लावू नका. रेशन दुकानातल्या मशिनवर अंगठा चालणार नाही आणि रुग्णालयात दाखल होताना पडताळणी अडेल. ज्या घरातलं कुणी उपचार घेतंय, किंवा शस्त्रक्रियेची तारीख ठरलीय, तिथे तेवढ्यापुरतं लॉक नको. बाकीच्या घरांनी लावावं आणि रेशनच्या दिवशी तात्पुरतं उघडावं. उघडायला ओटीपी लागतो, म्हणून पुन्हा तेच: आधी पहिली पायरी.

लॉक करायचं नसेल तर निदान पडताळणीचा इतिहास बघत जा. मागच्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठे, कोणत्या प्रकारे वापरलं गेलं ते तिथे दिसतं. तुम्ही घरी होतात त्या दिवशीची बायोमेट्रिक नोंद दिसली तर आधारच्या हेल्पलाइनवर, १९४७ ला, कळवा.

पायरी सातवी: केंद्रावर गेल्यावर

कार्ड काढून देणारे केंद्रचालक चोर असतात असं अजिबात नाही. बहुतेक जण दिवसभर सर्व्हर डाऊनशी झगडत लोकांची कामं मार्गी लावतात. पण शंभर माणसांचे कागद एका कॉम्प्युटरवर पडून राहिले की धोका होतोच, मालक कितीही सज्जन असो.

नंबर स्वतःचा द्या आणि स्क्रीनवर तो तसाच टाइप झालाय का ते बघा. ओटीपी ओरडून सांगू नका, फोन दाखवा किंवा स्वतः टाइप करा. आधारची झेरॉक्स लागणार असेल तर मास्क केलेलं आधार देऊन बघा. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आधारचा फोटो केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावाच लागला, तर काम झाल्यावर दोन्ही बाजूंनी पुसून घ्या. निघताना तीन गोष्टी डोळ्यांनी बघा: लॉगआउट झालं, ब्राउझरने विचारलेल्या 'पासवर्ड सेव्ह करू का' ला नाही म्हटलं, आणि डाउनलोडमधली तुमच्या नावाची पीडीएफ रिसायकल बिनसकट गेली. ऑपरेटरला त्याचा राग येत नाही. सरळ सांगितलं की तो स्वतःच करून देतो.

घरात एकच स्मार्टफोन असेल तर सगळ्यांची खाती एकाच नंबरवर येणार, त्याला इलाज नाही. तो नंबर मात्र घरात टिकून राहणाऱ्या माणसाचा असावा. नोकरीसाठी पुण्याला जाणाऱ्या मुलाचा नको, नाहीतर आजोबांना ऐनवेळी ॲडमिट करताना ओटीपी हिंजवडीत वाजत बसेल आणि मुलगा मीटिंगमध्ये असेल.

रुग्णालयाच्या काउंटरवर काम करणाऱ्यांसाठी दोनच वाक्यं. एका युजर आयडीवर तीन शिफ्ट चालवू नका, आणि मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला तो पिवळा कागद काढा. चुकीची नोंद झाली तर चौकशी ज्याच्या नावाचा आयडी आहे त्याचीच होते.

बिघडलंच तर, या क्रमाने

फोन हॅक झाल्याची शंका आली की पहिल्यांदा फ्लाइट मोड लावा आणि वायफायही बंद करा. फोन लगेच फॉरमॅट करू नका, पुरावा जातो. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं गोठवा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे गेले असतील तर इथे वेळेला फार किंमत आहे. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत थांबवता आले तरच परत मिळायची आशा असते. त्यानंतर सिम बंद करायला सांगा, त्याच नंबरचं नवं सिम मिळालं की आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, आणि सुरक्षित फोनवरून ई-मेलचा पासवर्ड बदलून इतर सगळीकडून लॉगआउट व्हा.

पैसे गेले नसतील, पण कार्डावर तुम्ही न घेतलेला उपचार दिसत असेल, तर वाट वेगळी. १४५५५ किंवा १५५३८८ वर तक्रार नोंदवा आणि कोणत्या रुग्णालयाची, कोणत्या तारखेची नोंद आहे ते लिहून घ्या. 'आपलं काय गेलं, जाऊ दे' असं करू नका. ५ लाखांची मर्यादा संपूर्ण कुटुंबाची आहे आणि त्यातून वजा झालेली रक्कम तुमच्याच घरातल्या पुढच्या दुखण्याला कमी पडते.

लेखी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा सायबर पोलीस ठाण्यात करता येते. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा इलेक्ट्रॉनिक ओळख वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. जाताना मेसेजचे स्क्रीनशॉट, आलेल्या फोनचे नंबर, बँकेचं स्टेटमेंट, आणि एपीके आली असेल तर ती कुठून आली त्या चॅटचा स्क्रीनशॉट सोबत न्या. तक्रारीचा क्रमांक मिळाल्याशिवाय तिथून उठू नका. बँक आणि योजनेची हेल्पलाइन दोघंही पुढच्या वेळी तोच मागतात.